नजर पाण्यावर

निर्मल सोडून निजामाबादच्या रस्त्याला लागलं की सोन गावाजवळ गोदावरी आडवी येते. वरच्या अंगाला पोचंपाडचं श्रीरामसागर धरण. त्यामुळे पावसाळा सरला की इथली नदी म्हणजे खडक, मधूनमधून वाळूचे पट्टे आणि त्यांच्यातून वाट काढणारे पाण्याचे ओघ. मार्चमधल्या एका सकाळी मी आणि मुधोळचा माझा मावसभाऊ पुलाच्या अलीकडे उतरलो आणि काठाने बरंच पुढे चालत गेलो. पाण्यावर नदी सुरय उडत होते. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, हळदीसारखी पिवळीधमक चोच आणि मागे दोन लांब टोकांत फाटलेली शेपूट. सुरय मासे शोधतो तो मान खाली घालून. चोच थेट पाण्याकडे रोखलेली आणि पंख मात्र पुढे नेत राहिलेले. मध्येच तो हवेत थबकतो, जागच्या जागी पंख मारतो आणि दगड सुटावा तसा खाली पडतो.

आम्ही उभे होतो तिथे नदीवरून विजेच्या तारा गेल्या होत्या. एक सुरय ओघाच्या वरवर उडत तारांच्या दिशेने आला, अगदी जवळ आल्यावर मान वर केली, उसळी घेतली आणि पलीकडे गेला. मावसभावाने ते पाहिलं. शेतात रात्रंदिवस पाखरं बघणारा माणूस तो. म्हणाला, “दादा, ह्ये पाखरू सारखं खालीच बघतंय. मग म्होरची तार त्याला दिसती कव्हा?”

समुद्रात पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यापासून युरोपातले पक्षीशास्त्रज्ञ नेमका हाच प्रश्न विचारत आले आहेत. तारेच्या जागी फक्त फिरतं पातं घालायचं.

सुरय हे कुरवांचे भाऊबंद. या घराण्यातल्या बहुतेकांचं आयुष्य समुद्रावर आणि समुद्रकाठी जातं. नदी सुरय मात्र गोड्या पाण्याचा. गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्या वाळवंटावर आणि धरणांतल्या बेटांवर तो अंडी घालतो. २०२० पासून जागतिक यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ म्हणून आहे. त्याच्या उडण्याची तऱ्हा समुद्रातल्या चुलत भावंडांसारखीच आहे, आणि म्हणून समुद्रपक्षी आणि पवनचक्की हा विषय मला कुठल्या दूरच्या किनाऱ्यावरून नव्हे, तर या काठावरून सुरू करावासा वाटतो.

बेल्जियममध्ये झेब्रुगे नावाचं बंदर आहे. बंदराचा लांब बांध समुद्रात शिरलेला आहे आणि त्याच्यावर पवनचक्क्यांची रांग होती: एकूण २५, आजच्या मानाने लहान ते मध्यम. बांधाच्या आतल्या बाजूला सुरयांच्या तीन जातींची मोठी वसाहत होती. या पक्ष्यांची अंडी, पिल्लं आत आणि मासे बाहेर, उघड्या समुद्रात. मध्ये पवनचक्क्या. २००४ आणि २००५ या दोन्ही वर्षी संशोधकांनी बांधावर पडलेले पक्षी मोजले. समुद्राकडच्या १४ पवनचक्क्यांखाली दर यंत्रामागे वर्षाला सुमारे ११ सुरय मेले, असा त्यांचा हिशेब निघाला. पुढे असंही दिसलं की मेलेल्या कॉमन टर्न जातीच्या सुरयांत नर जास्त होते. मादी अंड्यांवर असते तेव्हा नराच्या समुद्राकडच्या फेऱ्या वाढतात आणि प्रत्येक फेरीला ती रांग ओलांडावी लागते.

याच्या शेजारी दुसरी हकिकत ठेवू. डेन्मार्कच्या दक्षिणेला बाल्टिक समुद्रात निस्टेड इथे २००३ मध्ये ७२ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. दर वर्षी आयडर नावाची समुद्री बदकं आणि हंस तिथून हजारोंच्या संख्येने स्थलांतर करतात. मार्क डेशोल्म आणि जॉनी कालर्ट या दोघांनी पवनचक्क्या येण्यापूर्वी आणि नंतर रडारवर त्यांच्या वाटा उमटवून घेतल्या. नंतरच्या नकाशात मधला चौकोन जवळजवळ मोकळा पडला होता. थवे कितीतरी अंतरावरूनच वळत होते. रात्री काही थवे आत शिरत, पण दोन रांगांमधल्या बोळातून निघून जात. टक्कर होईल इतक्या जवळून जाणारे पक्षी एक टक्क्याहूनही कमी निघाले.

या दोन हकिकतींपैकी एक खरी आणि एक खोटी, असं नाही. आयडरला तो रस्ता वर्षातून दोनदा ओलांडायचा असतो. वळसा घालून त्याचं थोडं श्रमाचं नुकसान होतं, एवढंच. सुरयाच्या घरट्यात भुकेली पिल्लं असतात. तो रोज वळसा घालत बसला तर पिल्लं उपाशी राहतील. उदाहरणादाखल धरू की एक सुरय दहा हजार फेऱ्यांपैकी ९,९९९ वेळा सुखरूप पार होतो. हे कौशल्य थोडं नाही. पण दिवसाला वीस वेळा जायचं आणि वीस वेळा यायचं, असे पंचवीस दिवस धरले तर एका हंगामात एक हजार वेळा ओलांडणं होतं. तेवढ्याने त्या वसाहतीतला जवळजवळ दहातला एक पक्षी जातो. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे. यंत्रं किती, हा प्रश्न नंतरचा. पक्षी तिथून कशासाठी आणि किती वेळा जातो, हा पहिला.

दुसरा प्रश्न उंचीचा. खळ्यात धान्य उफणताना माणूस तिवईवर का उभा राहतो? जमिनीलगत वारा मंद असतो आणि हातभर वर गेलं की तो जोर धरतो, म्हणून. समुद्रावरही तसंच. लाटांच्या घासणीने पाण्यालगतचा वारा रेंगाळतो आणि वर जावं तसा वेगवान होतो. समुद्रपक्ष्यांचं सारं उडणं या फरकावर बेतलेलं आहे. शिअरवॉटर आणि अल्बाट्रॉस तर त्याच फरकाचं इंधन करतात: वाऱ्याला तोंड देत वर चढायचं, वरच्या जोरदार वाऱ्यात वळायचं, वेग घेऊन उताराने पुन्हा लाटांशी यायचं, आणि पंख न हलवता हेच तासन् तास. सुरयासारखे पंख मारत उडणारे पक्षी समोरून वारा असला की पाण्यालगत उतरतात, कारण तिथे विरोध कमी. वारा पाठीशी असला की वर चढतात, कारण तो फुकट ढकलतो. एकाच जातीचा, त्याच वाटेवरचा पक्षी सकाळी पाच मीटरवर आणि संध्याकाळी तीस मीटरवर दिसेल तो यामुळे.

आता यंत्र पाहा. समुद्रातल्या पवनचक्कीचं पातं फिरत फिरत सर्वांत खाली येतं तेव्हा त्याचं टोक पाण्यापासून साधारण २०-२५ मीटरवर असतं. आजच्या मोठ्या यंत्रांत वरचं टोक २५० मीटरच्याही पुढे जातं. म्हणजे लाटेवरून सरपटत जाणारा शिअरवॉटर बहुतेक वेळ पात्यांच्या खालून निघून जातो. कुरवांचं मात्र तसं नाही. त्यांना सगळ्या उंचीवर वावरायची सवय, आणि पात्यांच्या पट्ट्यात त्यांचा बराच वेळ जातो. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या अ‍ॅलिसन जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी २५ जातींच्या समुद्रपक्ष्यांच्या उडण्याच्या उंचीची माहिती एकत्र मांडली. बहुतेक जातींची गर्दी खालच्या थरात असते आणि वर जावं तशी ती झपाट्याने विरळ होते. त्यावरून एक उपयोगी निष्कर्ष निघाला: तेवढीच वीज हवी असेल तर पुष्कळ लहान यंत्रांपेक्षा थोडी, मोठी आणि उंच उचललेली यंत्रं पक्ष्यांना कमी घातक ठरतात. पातं दहा-पंधरा मीटर वर घेतलं तरी खाली बरेच पक्षी सुटतात.

पण उंची मोजायची कशी? अनेक वर्षं बोटीवर उभं राहून डोळ्यांनी अंदाज बांधत. स्कॉटलंडच्या बास रॉक बेटावरच्या गॅनेट पक्ष्यांनी त्या अंदाजातली चूक दाखवून दिली. गॅनेट म्हणजे पांढराशुभ्र, हंसाएवढा, उंचावरून भाल्यासारखा समुद्रात घुसणारा पक्षी. संशोधकांनी काही गॅनेटांच्या अंगावर जागा आणि हवेचा दाब टिपणारी छोटी यंत्रं बसवली. दाबावरून उंची काढता येते. नुसता प्रवास करताना ते साधारण १२ मीटरवर असत. मासे शोधायला लागले की २७ मीटरवर. म्हणजे भूक लागली की ते नेमके पात्यांच्या पट्ट्यात चढतात. २०१५ साली ही आकडेवारी प्रसिद्ध झाली तेव्हा आधीच्या अंदाजात धोका फार कमी धरला गेल्याचं उघड झालं. उंची ही जातीची नव्हे, त्या क्षणीच्या कामाची खूण आहे.

आता मावसभावाचा मूळ प्रश्न: दिसतं कव्हा?

आपले डोळे चेहऱ्यावर समोर आहेत, म्हणून ‘पुढे जाणं’ आणि ‘पुढे बघणं’ आपल्याला एकच वाटतं. बहुतेक पक्ष्यांचे डोळे बाजूंना असतात. त्यांना सर्वांत स्पष्ट दिसतं ते बगलेला. समोरचा भाग दोन्ही डोळ्यांत मिळून एक अरुंद पट्टी असते. बर्मिंगहॅमचे ग्रॅहॅम मार्टिन यांनी अनेक जातींची ही दृष्टिकक्षा अंशांत मोजली. आफ्रिकेतल्या कोरी माळढोकाने मान २५ अंश आणि निळ्या क्रौंचाने ३५ अंश खाली झुकवली की पुढची दिशा त्यांना अजिबात दिसत नाही, असं त्यांना आढळलं. गिधाडांच्या बाबतीतही त्यांना असाच आंधळा भाग सापडला. लक्षावधी वर्षं आकाशात समोर आडवं काही नव्हतं. उडताना बघायची गोष्ट खाली होती: भक्ष्य, सोबतचे पक्षी, उतरायची जागा. आपला माळढोक तारांना धडकून मरतो त्याचं मोठं कारण हेच. तो निष्काळजी नाही, त्याच्या डोळ्यांची ठेवणच तशी आहे. सुरयाचे अंश माळढोकाइतकेच असतील असं नव्हे, पण चोच पाण्याकडे रोखून उडणाऱ्या पक्ष्याची अडचण त्याच जातीची आहे.

दुसरी अडचण पात्याच्या वेगाची. लांबून पाहणाऱ्याला पवनचक्की सुस्त वाटते. १०० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १५ फेरे घेत असेल तर पात्याचं टोक सेकंदाला जवळजवळ ८० मीटर, म्हणजे ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने जातं. पक्षी जसजसा जवळ येतो तसतशी त्या टोकाची प्रतिमा डोळ्याच्या पडद्यावरून इतक्या झरझर सरकते की ती पुसट होऊन विरून जाते. पंख्याची पाती पूर्ण वेगात आपल्याला दिसेनाशी होतात तसंच हे. अमेरिकेतल्या विल्यम होडोस यांनी यावर एक साधा उपाय सुचवला होता: तीनपैकी एकच पातं काळं करा. मग डोळ्याला सलग पुसट पडद्याऐवजी काहीतरी ये-जा करताना दिसेल.

नॉर्वेच्या स्मोला बेटावर तो करून पाहिला गेला. तिथे ६८ पवनचक्क्या आहेत आणि पांढऱ्या शेपटीच्या समुद्रगरुडांची दाट वस्तीही आहे. ते गरुड नियमितपणे मरत होते. २०१३ मध्ये चार यंत्रांचं एकेक पातं काळं रंगवलं. पुढची काही वर्षं कुत्र्यांच्या मदतीने खालचे मृत पक्षी शोधले आणि शेजारच्या न रंगवलेल्या यंत्रांशी तुलना केली. रंगवलेल्या यंत्रांखाली मृत्यू ७० टक्क्यांहून अधिक घटले. चारच यंत्रं होती, म्हणून इतरत्र पडताळा घ्यायला हवा. पण डबाभर रंगाने एवढं होत असेल तर तो पडताळा आपल्या किनाऱ्यावर घ्यायला उशीर का करावा? कोकणात ज्याला काकण म्हणतात तो पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड या नॉर्वेच्या गरुडाचा जवळचा नातलग आहे. समुद्राकाठच्या उंच झाडावर काटक्यांचं भलंमोठं घरटं करतो, वर्षानुवर्षं त्याच घरट्याची डागडुजी करून वापरतो आणि उन्हं तापली की वाऱ्याच्या झोतावर गोल गोल चढत जातो. एखादं पिल्लू वाढवायला त्याला कित्येक महिने लागतात.

जमिनीवर मेलेला पक्षी निदान सापडतो. समुद्रात पडलेला पक्षी लाटा घेऊन जातात. त्यामुळे तिथे मृत्यू मोजता येत नाहीत आणि सगळा भार कॅमेरे, रडार आणि गणितावर पडतो. ब्रिटनच्या थॅनेट इथल्या समुद्री प्रकल्पात २०१४ ते २०१६ या काळात कॅमेऱ्यांनी सहा लाखांहून अधिक चित्रफिती घेतल्या. त्यांतल्या बारा हजारांवर फितींत पक्षी होते, आणि टकरा दिसल्या सहा. २०२३ मध्ये अ‍ॅबर्डीनच्या समुद्रातल्या अभ्यासाने दहा हजारांहून अधिक पक्षीफिती तपासल्या आणि एकही टक्कर नोंदली नाही. पक्षी बरेच आधी वाट बदलतात, दोन यंत्रांच्या मधून जातात, शेवटच्या क्षणी उसळी घेतात. सोनच्या सुरयाने तारेपाशी केलं ते हेच. मला हे निष्कर्ष मनापासून दिलासा देतात. पवनऊर्जेची गरज मला मान्य आहे. तापणाऱ्या समुद्रात मासळी सरकली तर त्याच पक्ष्यांची पिल्लं घरट्यात मरतात.

पण टाळणं फुकट नसतं. लाल गळ्याचा डायव्हर हा पाणपक्षी हिवाळ्यात टेम्सच्या मुखाशी समुद्रात हजारोंनी उतरतो. तो इतका बुजरा की पवनचक्क्यांच्या आसपास कित्येक किलोमीटर फिरकत नाही. तो धडकून मरत नाही. त्याचं कुरण जातं. लंडन अ‍ॅरे या प्रचंड प्रकल्पाचा दुसरा टप्पा २०१४ मध्ये सोडून देण्यात आला, त्यामागे या पक्ष्यावरच्या परिणामाची अनिश्चितता हे एक कारण होतं. २००४ साली स्टेफान गार्थे आणि ओमो ह्युपॉप यांनी जर्मनीच्या समुद्रातल्या २६ जातींना संवेदनशीलतेचे गुण दिले तेव्हा सर्वांत वरच्या जागा डायव्हरांनाच मिळाल्या, आणि मोठ्या सुरयांपैकी सँडविच टर्नही फार खाली नव्हता. हा सँडविच टर्न हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावरही दिसतो.

कुरण जाणं म्हणजे काय, हे पाहायला समुद्रात जायची गरज नाही. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर जावं. एका बाजूला कोयनेचं खोरं, वर सपाट कातळ, आणि जिकडे पाहावं तिकडे पवनचक्क्या. नव्वदीच्या अखेरीपासून त्या इथे फिरत आहेत. याच सड्यावर एक देखणा सरडा राहतो. नराच्या गळ्याला निळा, काळा आणि नारिंगी पंखा असतो आणि विणीच्या काळात तो दगडावर चढून तो फुलवतो. २०१६ मध्ये त्याला नवी जात म्हणून नाव मिळालं, आणि त्या वंशाचं शास्त्रीय नाव आपल्या मराठी शब्दावरून ठेवलं गेलं: सरडा.

अमोद झांबरे, हर्षल भोसले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर यांनी पवनचक्क्यांचा भाग आणि शेजारचा पवनचक्क्या नसलेला भाग यांची तुलना केली. २०१८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. त्यांचे जमिनीवरचे झडप घालण्याचे प्रसंगही तसेच कमी. त्यामुळे खाली सरडे खूप वाढले. पण गोष्ट इथे थांबत नाही. त्या गर्दीतल्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी होतं. माणूस अगदी जवळ आला तरी ते पळत नव्हते. अंगाने ते हडकले होते. आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके पडले होते. वरचा ससाणा गेला आणि खालच्या सरड्याचा निळा रंग उतरला. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. पक्षी धडकून मेले की निघून गेले, एवढ्यावर त्या जागेचा हिशेब पुरा होत नाही, हे महाराष्ट्रातल्या एका कातळावर सिद्ध झालं आहे.

या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, मांजरं याहून कितीतरी पक्षी मारतात. खरं आहे. अमेरिकेतल्या अंदाजांप्रमाणे मांजरं वर्षाला अब्जावधी पक्षी मारतात आणि जमिनीवरच्या पवनचक्क्या काही लाख. पण मांजराच्या तोंडी जातात ते बहुतेक चिमण्या-बुलबुलांसारखे, वर्षातून दोन-तीनदा वीण करणारे आणि थोडी वर्षं जगणारे पक्षी. समुद्रपक्ष्यांचं गणित उलटं. गॅनेट पाचव्या वर्षाच्या आसपास पहिलं अंडं घालतो, वर्षाला एक. शिअरवॉटरचंही एकच. मिडवे बेटावर १९५६ मध्ये पायात कडी घातलेली ‘विज्डम’ ही अल्बाट्रॉस मादी २०२४ च्या अखेरीस अंड्यावर बसली होती. असे पक्षी टिकतात ते भराभर पिल्लं घालून नव्हे, मोठे झालेले पक्षी दीर्घकाळ जिवंत राहून. म्हणून तिथे मोठ्या पक्ष्यांच्या मृत्यूत दरवर्षी एक-दोन टक्क्यांची भर पडली तरी वीस वर्षांत वसाहतीचा पाचवा ते तिसरा भाग नाहीसा होऊ शकतो, आणि बघणाऱ्याला पहिली पाच-सात वर्षं काही कळतही नाही.

भारतात पवनऊर्जेची सुरुवात समुद्रकाठीच झाली. १९८६ मध्ये रत्नागिरी, ओखा आणि तुतिकोरिन या किनाऱ्यांवर ५५ किलोवॅटची यंत्रं बसवली गेली. देवगडच्या सड्यावरच्या जुन्या पवनचक्क्या पाहत एक अख्खी पिढी वाढली. २०१५ मध्ये समुद्रातल्या पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आलं, २०१७ मध्ये खंबातच्या आखातात वारा मोजण्याचं यंत्र बसलं, आणि जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली: गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट, शिवाय बंदरांची कामं.

या दोन्ही जागा मी झेब्रुगेच्या नजरेने पाहतो. तामिळनाडूकडचं मन्नारचं आखात आणि त्याच्या टोकाला आदम पुलाची वाळूची बेटं. त्या वाळूवर सुरय अंडी घालतात, आणि पिल्लं वाढवताना त्यांच्या फेऱ्या बेटापासून समुद्राकडे आणि परत अशाच असणार. खंबातच्या आखातात हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या कुरवांची आणि सुरयांची गर्दी असते. तेच पुढे मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवणपर्यंत पसरतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या सरोवरांवर अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे उतरतो, काही समुद्रावर, काही जायकवाडीसारख्या जलाशयांवर. वेंगुर्ल्याच्या समोरच्या खडकांवर सुरयांची वीण होते. हुमायून अब्दुलअली यांनी १९४० च्या दशकातच त्या बेटांवरच्या सुरयांवर लिहून ठेवलं आहे. आणि मृगाच्या वादळी वाऱ्यात कोकणातल्या पुळणीवर दमलेला बूबी, शिअरवॉटर किंवा मुठीएवढं वादळी पेट्रेल सापडतं तेव्हा कळतं की क्षितिजापलीकडे हे पक्षी वावरत आहेत. त्यांतलं पेट्रेल रात्रीही उडतं आणि दिव्याकडे ओढलं जातं. समुद्रातल्या मनोऱ्यावर कुठला दिवा, सतत जळणारा की उघडझाप करणारा, हा प्रश्नही म्हणून बारीक नाही.

वारा मोजायला आपण समुद्रात यंत्र बसवलं. तो दर दहा मिनिटांनी किती उंचीवर किती वेगाने वाहतो याची वर्षभराची नोंद झाल्याशिवाय कुणी पैसा घालणार नाही. त्याच मनोऱ्यावर एक रडार आणि एक कॅमेरा पक्ष्यांसाठी बसवणं, वेंगुर्ल्याच्या किंवा आदम पुलाच्या दहा-वीस सुरयांच्या अंगावर दाब टिपणारी यंत्रं चढवणं, हा प्रकल्पाच्या खर्चात चिमूटभर भाग आहे. तो अभ्यास रांग ठरण्याआधी व्हायला हवा. रांग ठरल्यावर पातं काळं करता येतं, चार दिवस यंत्र थांबवता येतं, पण बांध हलवता येत नाही, हे झेब्रुगेने पाहिलं.

त्या दिवशी सोनच्या काठावर मावसभावाला मी हे सगळं सांगितलं नाही. माळढोकाच्या मानेचं तेवढं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग खिशातली शेतमालाच्या पट्ट्यांची वही काढली, एक कोरं पान उलटलं आणि म्हणाला, “मोजूया का?” आम्ही दगडावर बसलो. वाळूच्या पट्ट्यावरून उठून तार ओलांडणारा प्रत्येक सुरय त्याने एक रेघ ओढून लिहिला. खालून गेला तर रेघ नुसती. वरून गेला तर तिच्या डोक्यावर टिंब. तारेपाशी येऊन वळला तर रेघ अर्धवट. नऊ वाजेपर्यंत पाण्यावरचा वारा वाढला, वाऱ्याला तोंड देत जाणारे सुरय खाली उतरले आणि टिंबं कमी होत गेली. परत येणारे मात्र चोचीत चंदेरी मासळी आडवी धरून उंचावरून येत होते, आणि तारेजवळ त्यांची मान सरळ असायची.